शब्दकोशात नसलेला शब्द: तुर्कीचे प्रत्यय, मराठीच्या वाटेने

इस्तंबूलच्या कादिकॉय भागात मी एका घरात खोली घेऊन राहत होते, तेव्हाची गोष्ट. स्वयंपाकघरातला नळ रात्रभर गळत होता. सकाळी घरमालकीणबाईंनी नळवाल्याला फोन लावला, दोन मिनिटं बोलल्या, फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून एकच शब्द म्हणाल्या: "गेलेमेयेजेकमीश." मग बादली पायाने नळाखाली सरकवली आणि चहाकडे वळल्या.

मी शब्दकोश काढला. शब्द नव्हता. आसपासचाही नव्हता. तीन महिने एका जाडजूड इंग्रजी पुस्तकातून तुर्की शिकत होते, तक्ते घोकत होते, आणि पहिल्याच खऱ्या वाक्यावर आपटले. वाक्य तरी कुठलं, शब्दच एक.

दुपारी वहीत तो शब्द सोलायला बसले. एकेक तुकडा सुटा केला आणि सवयीने खाली मराठी लिहीत गेले. शेवटी कागदावर उरलं ते असं: "येता येणार नाही म्हणे." तुकडे जवळपास तेच, क्रमही जवळपास तोच, आणि शेवटचं 'म्हणे' तर जसंच्या तसं. जे समजावताना त्या इंग्रजी पुस्तकाने दोन पानं खर्च केली होती, ते आमची आजी दिवसातून वीसदा म्हणायची.

हल्ली फोनवर तुर्की मालिका बघून पुष्कळजणांना ही भाषा शिकावीशी वाटते, आणि तिसऱ्या धड्याला प्रत्ययांचा डोंगर बघून बहुतेकजण परत फिरतात. त्यांच्यासाठी हा लेख. डोंगर इंग्रजीच्या बाजूने चढलात तर कडा आहे. मराठीच्या बाजूने बऱ्यापैकी पायवाट आहे, फक्त दोन-तीन ठिकाणी घसरडी.

आधी अक्षरांचा एक करार

तुर्की आज रोमन लिपीत लिहितात. १ नोव्हेंबर १९२८ रोजी तसा कायदा झाला. त्याआधी अरबी लिपी होती. बदलामागे राजकारण होतंच, पण एक साधी अडचणही होती. तुर्कीत आठ स्वर आहेत आणि अरबी लिपीत ते वेगवेगळे दाखवायची धड सोय नव्हती. नव्या वर्णमालेत २९ अक्षरं आली, त्यांतली आठ स्वरांची. लिहिलं तसं वाचायचं. ही सवय आपल्याला आहेच.

आपण देवनागरीतच राहू, पण आठ स्वर दाखवायला एक युक्ती लागेल. या लेखापुरता करार असा: तुर्की शब्दांत ह्रस्व-दीर्घ म्हणजे लांबी नव्हे, वेगळा स्वर. दीर्घ 'ई' म्हणजे आपला नेहमीचा ई. ह्रस्व 'इ' म्हणजे ओठ अजिबात गोल न करता म्हटलेला 'उ'. दाताच्या डॉक्टरांपुढे तोंड उघडून बोलताना निघतो तसला काहीतरी. ह्रस्व 'उ' साधा. दीर्घ 'ऊ' म्हणजे ओठ शिट्टीसारखे ठेवून म्हटलेली 'ई'. 'ऑ' म्हणजे ओठ गोल करून म्हटलेला 'ए'. आ, ए, ओ जसेच्या तसे. झ म्हणजे झाडातला, च आणि ज म्हणजे चिमणीतला आणि जिभेतला.

घरातल्यांना

तुर्कीला 'चिकट' भाषा म्हणतात. मूळ शब्दाला शेपटीसारखे प्रत्यय जोडत जायचं. प्रत्येक प्रत्यय एकच काम करतो आणि मूळ शब्द सहसा जागचा हलत नाही. मालगाडीसारखं: इंजिन पुढे, डबे मागे, आणि डब्यांचा क्रम ठरलेला.

आता 'घरातल्यांना' हा शब्द घ्या. "घरातल्यांना विचारून सांगतो" असं आपण सहज म्हणतो. तो शब्दकोशात नाही, पण कुणी अडत नाही. उलगडून बघा: घर, मग आतलेपणाचा 'त', मग 'तिथला' सांगणारा 'ल्या', मग अनेकवचनाचा अनुस्वार, मग 'ना'. तुर्कीत हाच शब्द 'एवदेकीलेरे'. एव म्हणजे घर, दे म्हणजे त, की म्हणजे ला, लेर म्हणजे अनेकवचन, शेवटचा ए म्हणजे ना. पाच तुकड्यांना पाच तुकडे, त्याच क्रमाने. इंग्रजीत हे सांगायला शब्दांची रांग लावावी लागते आणि तीही उलट्या टोकाने.

फरक आहे तो शिवणीत. आपल्याकडे प्रत्यय लागण्याआधी शब्द रूप बदलतो: घर-घरा, मूल-मुला, पाणी-पाण्या, भाऊ-भावा. शाळेत त्याला सामान्यरूप म्हणायचे आणि मराठी शिकणाऱ्या परभाषकांची झोप त्यानेच उडते. तुर्कीत सामान्यरूप नाही. एव तो एवच. शिवाय लिंगही नाही. 'ओ' म्हणजे तो, ती, ते, सगळेच. गाडी ती का आणि ट्रक तो का, हा प्रश्नच त्या भाषेला पडलेला नाही. आपण जे अवघड काम रोज फुकट करतो, ते तुर्कीने माफ केलेलं आहे. हे आधी लक्षात ठेवा, मग पुढच्या भागात थोडी मेहनत पडली तर कुरकुर करू नका.

फेट्याचा रंग

मेहनत पडते ती इथे. तुर्की प्रत्यय एकाच रूपात राहत नाहीत, ते ज्या शब्दाला लागतात त्याचा शेवटचा स्वर बघून आपला स्वर बदलतात. एव-लेर (घरं), पण कीताप-लार (पुस्तकं). 'लेर' की 'लार' हे घोकायचं नसतं, ऐकायचं असतं.

वरातीत नवऱ्यामुलाने ज्या रंगाचा फेटा बांधला त्याच रंगाचे फेटे मागची मंडळी बांधतात, तसं हे आहे. रंग दोनच. जीभ मागे ओढून म्हणायचे स्वर: आ, इ, ओ, उ. जीभ पुढे आणून म्हणायचे: ए, ई, ऑ, ऊ. (आपल्या करारात ह्रस्व सगळे मागचे आणि दीर्घ सगळे पुढचे, हे लक्षात ठेवायला बरं.) शब्दाचा शेवटचा स्वर मागचा असेल तर प्रत्ययही मागचा, पुढचा असेल तर पुढचा. व्याकरणात याला स्वरसंवाद म्हणतात. तुर्कांना हे नाव सांगितलं तर ते तुमच्याकडे बघत राहतील. त्यांच्या जिभेला ते श्वास घेण्याइतकं आपोआप येतं.

मला हे तक्त्यांतून कधी जमलं नाही, गावांच्या नावांनी जमलं. 'मध्ये' यासाठी दा किंवा दे लावायचं. साताऱ्यात: सातारा-दा. पुण्यात: पुणे-दे. रत्नागिरीत: रत्नागिरी-दे. सांगा आता, जळगावात? शेवटचा स्वर आ, म्हणजे दा. लोकलमध्ये बसून सगळी स्टेशनं अशी चालवली की चार दिवसांत कान तयार होतो.

काही प्रत्ययांना दोन नाही, चार रूपं असतात. तिथे जिभेबरोबर ओठही बघायचे: गोल आहेत की पसरलेले. आपल्या '-कर'चा तुर्की अवतार असाच. सातारकर म्हणजे सातारा-लि, पुणेकर म्हणजे पुणे-ली, कोल्हापूरकर म्हणजे कोल्हापुर-लु (पू दीर्घ लिहिला तरी उच्चार साधा उ). चौथं रूप 'लू'. त्या स्वराचं गाव आपल्याकडे नाही, तेव्हा दुधावर भागवू. दूध म्हणजे सूत, दुधाचा म्हणजे सूतलू. तुर्कस्तानात चहा कोराच पितात, त्यामुळे 'सूतलू चाय' मागितलात तर व्याकरण बरोबर असूनही टपरीवाला दोनदा विचारेल.

'बिन-' या अर्थाचा प्रत्यय चारही फेट्यांत बघून ठेवा. बिनसाखरेचा: शेकेर-सीझ. अधीर, ज्याच्याकडे सबुरी नाही तो: साबिर-सिझ. अळणी: तुझ-सुझ. बिनदुधाचा: सूत-सूझ. साबिर म्हणजे आपली सबुरीच, अरबीतून दोघांकडे गेलेली. असे ओळखीचे चेहरे जागोजागी भेटतात: हावा, दूक्कान, मेयदान, पेर्दे, साबुन, शेहीर. फारसी-अरबीने दोन्हीकडे फिरती केली त्याची ही खूण.

थेट तुर्की घराण्यातलेही शब्द आपल्याकडे आहेत. तोपचीतला 'ची' हा तुर्कीचा धंदा सांगणारा प्रत्यय, तिकडे तोपचु. चहावाला तो चायजि, नळवाला तो मुस्लुकचु. आणि माझा लाडका शब्द: चकमक. तुर्कीत 'चाकमाक' म्हणजे ठिणगी पाडणं, आणि आज सिगारेटच्या लायटरलाही तेच नाव. शेवटचं 'माक' म्हणजे आपला '-णे': करणे, येणे, पाडणे यांतला. इतिहासाच्या तासाला "चकमक उडाली" म्हणताना आपण तुर्की क्रियापदाचं मूळ रूपच उच्चारत होतो.

वागीश आणि नाशिक

प्रत्यय जोडताना व्यंजनंही थोडी हलतात. कीताप म्हणजे पुस्तक, पण माझं पुस्तक कीताबिम. प चा ब झाला. रेंक म्हणजे रंग, पण त्याचा रंग म्हणजे रेंगी. इंग्रजी पुस्तक याला अपवादांचं प्रकरण करून मांडतं. मराठी शाळेत शिकलेल्याने आठवावं: वाक् अधिक ईश, वागीश. जगत् अधिक ईश, जगदीश. शब्दाच्या शेवटी कठोर व्यंजन आलं आणि पुढे स्वर आला, की ते मऊ पडतं. नववीत ज्या तृतीय व्यंजन संधीला शिव्या घातल्या, ती इथे कामाला येते. (आपल्याकडे ती संस्कृत शब्दांपुरती; तुर्कीत रोजच्या पुस्तकालाही लागते, पण सगळ्याच शब्दांना नाही.)

उलटही होतं. शब्द कठोर व्यंजनाने संपला तर प्रत्ययाचा मऊ द कठोर त होतो. म्हणून पुणे-दे, पण नाशिक-ते. एवढंच.

एका स्वराने वाचलेली मैत्री

आता क्रियापद. धातू गेल, म्हणजे ये.

गेलदी: आला, आली, आलं.
गेलदीम: आलो किंवा आले.
गेलमेदीम: आलो नाही.
गेलेमेदीम: मला येता आलं नाही.

शेवटच्या दोन ओळी पुन्हा बघा. फरक एका 'ए'चा. तो 'ए' म्हणजे जमणं, आणि त्यानंतरचा 'मे' म्हणजे नाही. कुणी जेवायला बोलावलं आणि तुम्ही गेला नाहीत, तर दुसऱ्या दिवशी "गेलमेदीम" म्हणालात की यजमानाचा चेहरा उतरतो. "गेलेमेदीम" म्हणालात की तो विचारतो, का हो, बरं नव्हतं का? माझा तो ए सुरुवातीला नेहमी गळायचा आणि लोक मला फटकळ समजायचे.

क्रियापदाच्या पोटातच नकार आणि शक्यता कशी राहते, हे इंग्रजीतून समजत नाही. आपल्याला समजावं, कारण आपण "पाऊस येईना" म्हणतो आणि गुडघे दुखले की "मला चालवेना" म्हणतो. चाल, वे, ना: चालणं, जमणं, नकार. तुर्कीत यूरूयेमीयोरुम, धातू यूरू, मग जमणं, मग नकार, मग चालू काळ, मग शेवटी 'मी'. आपण 'मला' बाहेर ठेवतो, तुर्की तोही शेपटीला बांधते. एवढा सोडला तर विचार एकच.

करवून घेण्याचंही तेच. शिजणे, शिजवणे, आणि दुसऱ्याकडून शिजवून घेणे: पीशमेक, पीशीरमेक, पीशीर्तमेक. जाऊन आलो: गीदीप गेलदीम. येताना: गेलीरकेन. आल्यावर: गेलीन्जे. जे काम आपण '-ऊन', '-ताना', '-ल्यावर' यांनी करतो, ते तिकडेही एका प्रत्ययात होतं. आणि मी वाचलेलं पुस्तक म्हणजे ओकुदुउम कीताप, वर्णन आधी आणि पुस्तक नंतर. 'जे-ते'ची वाक्यं इथे विसरायची.

काळ सगळे सांगत बसत नाही, पण एक जोडी सांगायलाच हवी, कारण ती चहाची आहे. "चाय ईचीयोरुम" म्हणजे मी चहा पितोय, आत्ता, कप हातात. "चाय ईचेर मीसीनीझ?" म्हणजे चहा घेता का? दुसऱ्या रूपाला व्याकरणकार मोठी नावं देतात. आपण "काय पिताय?" आणि "काय घेता?" यांत जो भेद करतो, तो धरला की पुरे. आणि हो, 'ईचेर मीसीन' म्हणजे तू घेतोस का, 'ईचेर मीसीनीझ' म्हणजे तुम्ही घेता का. मोठ्यांना तुम्हीच. अनोळखी बाईंना मावशी म्हणायचीही पद्धत आहे, तेयझे. ती आईचीच बहीण, वडिलांच्या बहिणीला वेगळा शब्द आहे, हाला. आत्या-मावशीचा घोळ इंग्रजीत होतो, इकडे नाही.

उतरणारं आहे

इस्तंबूलमध्ये दोल्मुश नावाच्या सहा-आसनी रिक्षाच्या थोरल्या भावासारख्या गाड्या चालतात. भरल्या की निघतात. दोल्मुश म्हणजेच 'भरलेली'. उतरायचं असेल तिथे ओरडायचं: "ईनेजेक वार!" पुस्तकात हे वाक्य मला कुठल्याच नियमात बसवता येईना. ईनेजेक हे भविष्यकाळाचं रूप, म्हणजे 'उतरेल'. आणि वार म्हणजे 'आहे'. उतरेल आहे?

मग 'उतरेल' खोडून 'उतरणार' लिहिलं आणि गाठ सुटली. उतरणारं आहे. आपला '-णार' दोन कामं करतो: "तो येणार" यात क्रियापद असतो, "येणारा आठवडा" यात विशेषण. तुर्कीचा '-एजेक' नेमकी हीच दोन कामं करतो. "ओ गेलेजेक", तो येणार. "गेलेजेक हाफ्ता", येणारा आठवडा. हाफ्ता म्हणजे आपला हप्ता, तो मूळचा आठवडाच. आणि नुसतं 'गेलेजेक' म्हटलं की भविष्यकाळ, जो येणार आहे तो. पुढे जाऊन यीयेजेक म्हणजे खायच्या वस्तू, ईचेजेक म्हणजे प्यायच्या. दुकानाच्या पाटीवर "यीयेजेक-ईचेजेक" दिसलं की समजायचं, आत खायचं-प्यायचं मिळतं.

मग सगळंच सोपं आहे का?

नाही. मराठी जिथे मदत करते तिथे ती चकवतेही, आणि सगळ्यात मोठा चकवा 'ला'चा.

तुर्कीत कर्माला लागणारा एक प्रत्यय आहे: इ, ई, उ किंवा ऊ. कीताप ओकुदुम: मी पुस्तक वाचलं, कुठलं तरी, वाचन केलं म्हणा. कीताबि ओकुदुम: ते पुस्तक वाचलं, तुझ्यामाझ्यात ठरलेलं. मराठी माणूस इथे 'ला' लावायला जातो आणि फसतो, कारण आपला 'ला' बहुतेक जिवंत माणसाला बघून लागतो. आपण पुस्तकाला वाचत नाही.

पण एका कोपऱ्यात आपल्याकडेही हा भेद आहे. "मुलगी बघायला गेले" आणि "मुलीला बघायला गेले" यांत फरक काय? पहिल्यात कांदेपोहे आहेत, मुलगी अजून कुठलीही. दुसऱ्यात एक ठरावीक मुलगी आहे, कदाचित दवाखान्यात. 'ला' आला की व्यक्ती ठरली. तुर्कीत हा नियम मेज, खुर्ची, पुस्तक, सगळ्यांना लावा. गंमत म्हणजे तिकडेही स्थळाच्या बोलीत हेच दिसतं: "किझ ईस्तेमेक", मुलगी मागायला जाणं, यात मुलीला प्रत्यय नाही. त्या कार्यक्रमात पोह्यांऐवजी कॉफी असते, आणि मुलगी नवऱ्यामुलाच्या कपात मीठ घालते. त्याने तोंड वाकडं न करता प्यायची.

दुसरा चकवा मालकीचा. आपण 'अलीचं घर' म्हणून मोकळे होतो. तुर्कीत दोन्हीकडे खूण लागते: "आली'नीन एवी", अलीचं त्याचं घर. मी आजही घाईत दुसरी खूण विसरते. तिसरा चकवा आकड्यांचा: आकडा आला की अनेकवचन जातं. तीन घरं म्हणजे ऊच एव, तीन घर. केटररला फोनवर "पन्नास माणूस धरा" सांगणाऱ्याला हे आधीच येतं.

त्याउलट पैसे नसणं सोपं. इंग्रजीतल्यासारखं 'बाळगणे' हे क्रियापद तुर्कीत नाही. पाराम योक: पैसे-माझे नाहीत. आपल्यासारखंच.

एवढे लांब शब्द खरंच बोलतात?

तुर्की शिकणाऱ्याला कुणीतरी एकदा चेकोस्लोव्हाकियाचा शब्द ऐकवतंच: "चेकोस्लोवाक्यालिलाश्तिरामादिक्लारिमिझदान मिसिनिझ?" अर्थ: आम्हाला ज्यांना चेकोस्लोव्हाकियाचं करता आलं नाही, त्यांच्यापैकी तुम्ही आहात का? व्याकरण शंभर टक्के बरोबर. पण 'कच्चा पापड पक्का पापड' जितका जेवणात येतो, तितकाच हा बोलण्यात येतो. रोजच्या भाषेत एका शब्दाला दोन-तीन डबे, फार तर पाच. 'गेलेमेयेजेकमीश' हा लांबीत वरच्या टोकाचा, आणि तो एक गृहिणी बादली सरकवताना बोलते.

अपवादच नाहीत असं ऐकलंय

असं पुस्तकांची पाठ सांगते. अपवाद आहेत, पण एका कागदावर मावतात. चालू काळाचा '-योर' कुणाचंच ऐकत नाही, नेहमी ओ. 'की' आणि 'केन'ही जवळपास तसेच. परक्या काही शब्दांना फेट्याचा नियम लागत नाही: साआत, म्हणजे घड्याळ किंवा तास, याचं अनेकवचन नियमाने साआतलार व्हायला हवं, होतं साआतलेर. "चहा घेता का"वालं जे रूप आहे, त्यात तेरा एकाक्षरी धातू वेगळा स्वर घेतात. ते पाठच करावे लागतात, गेल त्यांतलाच एक. मराठीत 'जाणे'चं 'गेला' का होतं हे ज्याने कधी परक्याला समजावून बघितलंय, त्याला हा सौदा स्वस्त वाटेल.

मग मराठी आणि तुर्की बहिणी का?

अजिबात नाही. मराठी संस्कृत-प्राकृताच्या घरची, तुर्की मध्य आशियातल्या तुर्की भाषांच्या घरची. रक्ताचं नातं नाही. पण शेजारही भाषा घडवतो. भाषाशास्त्रज्ञ मरी एमेनो यांनी १९५६ साली दाखवलं की भारतातल्या वेगवेगळ्या घराण्यांतल्या भाषा एकत्र राहून सारख्या सवयी लावून घेतात. द्राविडी भाषांची छाया ज्या भाषांवर ठळक पडली आहे, त्यांत मराठी आहे. पुढे कॉलिन मॅसिका यांनी १९७६ मध्ये क्रियापद शेवटी ठेवणं, 'जाऊन-येऊन', 'करवणे' अशा खुणांचा मागोवा घेतला, तर ती साखळी भारतात न थांबता मध्य आशियातून पुढे लांबवर जाताना दिसली. म्हणून सारखेपणा खरा आहे, नातं मात्र नाही. एकाच चाळीत वाढलेल्या पोरांच्या लकबी जुळाव्यात, तसं.

म्हणे

शेवटचा डबा राहिला: मीश. तुर्कीतली माझ्या मते सगळ्यात सुंदर गोष्ट हीच.

भूतकाळ तुर्कीत दोन. गेलदी म्हणजे आला; मी पाहिलं, खात्री आहे. गेलमीश म्हणजे आला म्हणे, कुणी सांगितलं. किंवा आलाय वाटतं. दाराशी त्याच्या चपला दिसल्या. बोलणाऱ्याला हे कळलं कसं, ते क्रियापदालाच सांगावं लागतं. आपल्याकडे 'म्हणे' ऐच्छिक आहे, लावलं तर लावलं. तिकडे दोन्हींतून एक निवडल्याशिवाय साधं "तो आला" हे वाक्य पुरं होत नाही.

गोष्टी सगळ्या मीशमध्ये असतात. "बीर वारमिश, बीर योकमुश", एक होता म्हणे, एक नव्हता म्हणे. आपल्या आटपाट नगराची ही तुर्की सुरुवात. ज्याला आपण मुल्ला नसरुद्दीन म्हणतो, त्या नसरेद्दीन होजाचे चुटकेही याच रूपात सांगतात.

यावर एक रास्त शंका येते. ऑटोमनांनी १४५३ साली इस्तंबूल घेतलं, हे आज कुणीच पाहिलेलं नाही. मग इतिहासाच्या पुस्तकात "घेतलं म्हणे" लिहितात का? नाही, तिथे सरळ 'आल्दि', घेतलं. प्रश्न डोळ्यांनी बघण्यापुरता नाही. बोलणारा त्या गोष्टीची जबाबदारी घेतो की नाही, हा आहे. सर्वांनी मान्य केलेल्या गोष्टीला मीश लावलंत, तर तुम्ही शंका घेताय असं वाटेल. राजकारण्याच्या आश्वासनाला लावलंत, तर ऐकणारे हसतील. आपणही "रस्ते दुरुस्त होणार म्हणे" याच सुरात म्हणतो.

आणि स्वतःला लावता येतं का? येतं. उयुमुशुम: झोप लागली की मला! स्वतःच्याच कृत्याची बातमी स्वतःला उशिरा मिळते तेव्हा. आपण हे काम 'की' आणि 'अरेच्चा'वर भागवतो.

हा तिसरा अर्थ मला पुस्तकाने शिकवला नव्हता. तो कळला त्याच दिवशी, संध्याकाळी सहाच्या सुमारास. बादली तिसऱ्यांदा भरली होती. बेल वाजली, घरमालकीण तेयझेंनी दार उघडलं, आणि समोर हत्यारांची पेटी घेऊन नळवाला. त्याला बघून त्या आतल्या बाजूला वळून मला ओरडून म्हणाल्या, "आ, गेलमीश!"

मी वही शोधायला धावले. 'म्हणे' कुठलं, माणूस तर दारात उभा होता, बूट काढत.